नीज रं भिकू

आपण म्यूटवर नाही हे ऋषिकेशच्या लक्षात आलं तेव्हा गाणं जवळजवळ संपत आलं होतं. मांडीवर त्याची तान्ही मुलगी स्वरदा झोपेच्या काठावर होती, समोर टीपॉयवर लॅपटॉप उघडा, त्यावर सहकाऱ्यांचे चौकोन, आणि त्या चौकोनांमधून कुणीच काही बोलत नव्हतं. मग मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "ऋषिकेश, यू आर नॉट ऑन म्यूट." कुणीतरी हसलं. कुणीतरी 'वन्स मोअर' असं लिहिलं. कुणीतरी हिंदीत विचारलं, "ये भिकू कौन है भाई?" तो सॉरी म्हणाला, बटण दाबलं आणि लाज वाटायची वाट पाहत बसला. ती आली नाही. अलीकडे बऱ्याच गोष्टी अशा यायच्या राहून जात होत्या. त्याने नजर वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात उलथणं, आणि मागे तव्यावर पोळी जळत असल्याचा वास येत होता. "बंद कर ते," ती म्हणाली. "कॉल? तो म्यूट केलाय आता." "गाणं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. सगळी हयात आवाज न चढवता वर्ग शांत करणारी बाई होती ती, फलटणला लोक अजून तसंच सांगत. स्वरदा दचकून जागी झाली आणि रडायला लागली. आई आत गेली आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.

ते गाणं त्याला येतं हे त्याला स्वतःलाच काही आठवड्यांपूर्वी कळलं होतं. त्याच्या बायकोची, अपूर्वाची, बाळंतपणाची रजा संपून ती ऑफिसला जायला लागली होती, त्याची आई अजून फलटणहून यायची होती, आणि मधल्या दिवसांत तो घरून काम करत मुलीला सांभाळत होता. एका दुपारी स्वरदा रडायची थांबेना. त्याने मोबाइलवर पावसाचा आवाज लावून पाहिला, पंख्याचा आवाज लावून पाहिला, तिला खांद्यावर टाकून बाल्कनीत उभा राहिला. खाली सूसचा रस्ता, सिमेंटचे मिक्सर, पलीकडे टेकडीला खणून काढलेली लाल जागा. आणि तोंड उघडलं तेव्हा ते आपोआप बाहेर पडलं:

नीज रं भिकू, दिस बुडाला,
पाखरू आलं आपल्या घराला,
गाय बांधली, वासरू बांधलं,
भिकूचं डोळं कुनी गं सांधलं?

चाल धड गाण्याचीही नव्हती. दोन सुरांमध्ये झोका जावा-यावा तशी होती. स्वरदा थांबली. त्याने पुन्हा म्हटलं. ती झोपली. त्यानंतर तो रोज तेच म्हणू लागला, जसा रोज बाटल्या उकळायचा, रोज लंगोट वाळत घालायचा. ते कुठून आलं याचा त्याने विचार केला नाही. घरात असं कुणी बोलत नसे. फलटणच्या घरात 'न्हाई' म्हटलं की आई नुसती बघायची, आणि ते बघणं पुरेसं असायचं. भिकू म्हणजे काय, हेही त्याच्या मनात आलं नाही. गाण्यात असतात तसा एक निरर्थक शब्द, इतकंच. अपूर्वाने एकदा हसून विचारलं होतं, "मुलीला भिकू काय म्हणतोस? माझ्या आईने इतकं शोधून स्वरदा नाव काढलंय." तो म्हणाला होता, "चालीत तेच बसतं."

अपूर्वा मैत्रिणींना फोनवर सांगायची, ऋषी इतकं करतो ना, मला हातच लावावा लागत नाही. हे खरं होतं. तो सगळं करत होता. फक्त जे आतून व्हायला हवं असं सगळे सांगत होते ते झालं नव्हतं. दवाखान्यात नर्सने मुलगी त्याच्या हातात दिली तेव्हा नातेवाइकांनी मोबाइल वर धरले होते आणि त्याला कळलं होतं की आता चेहऱ्यावर काहीतरी दिसायला हवं. त्याने तो चेहरा केला. तो व्हिडिओ पुढे सगळ्यांना आवडला. बाळ उबदार होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, एवढंच त्याला जाणवलं होतं. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "येतं रे हळूहळू, बापांना उशीर लागतो." त्याने वाट पाहिली. मुलगी मान धरू लागली, हसू लागली, त्याला ओळखू लागली. तो आत आला की तिचे पाय उडायचे. त्याला ते दिसायचं. दुसऱ्याच्या घरात नीटनेटका राहणारा भाडेकरू असतो तसा तो तिच्याभोवती वावरत होता. खिळासुद्धा न ठोकणारा, कुठेही डाग न पाडणारा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं त्याला दुःखही नव्हतं. दुःख झालं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्याला कधीकधी वाटायचं, आणि तेसुद्धा फार जोर लावून वाटायचं नाही.

त्या दिवसानंतर आई गप्प झाली. ती कामं करत होती, स्वरदाला तेल लावत होती, न्हाऊमाखू घालत होती, पण झोपवायची वेळ आली की उठून दुसऱ्या खोलीत जायची. आई मुलीला कधीच झोपवत नाही हे त्याच्या तेव्हा प्रथम ध्यानात आलं. ती आल्यापासून एकदाही नाही. अपूर्वा म्हणाली, "विचार ना सरळ. तुम्ही लोक एकमेकांशी मीटिंगमध्ये बोलल्यासारखं बोलता." मग एका संध्याकाळी, बाल्कनीत कपडे काढता काढता, त्याने विचारलं. "ते गाणं तूच म्हणायचीस ना मला?" आई चिमटे एका डब्यात टाकत होती. "मी तुला कधीच गाणं म्हटलं नाही," ती म्हणाली. "एकही. तू आठवून बघ." त्याने आठवून पाहिलं. आईचा हात आठवला, कपाळावरचा. कोरडा, खडूचा वास येणारा. पाढे आठवले. गाणं खरंच नव्हतं. "मग कुणी म्हटलं?" आईने टेकडीकडे हात केला. म्हणजे टेकडीच्याही पलीकडे. "तिकडे. माणला," ती म्हणाली.

माण. ऑफिसला जायचं असेल त्या दिवशी तो माणवरूनच जात असे. नांदे, चांदे, माण, मग कंपन्यांच्या काचेच्या इमारती. माणला ट्रॅफिक लागायचं, तेवढीच त्याची त्या गावाशी ओळख. आपल्या आईची पहिली नोकरी मुळशीत कुठेतरी होती हे त्याला माहीत होतं, जसं वडील तरुणपणी कबड्डी खेळायचे हे माहीत होतं. त्या गावाला नाव असेल आणि ते नाव आपण नेहमी पाटीवर वाचत असू हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सूसला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आई आली होती, याच बाल्कनीत उभी राहिली होती, आणि "लांब घेतलास" एवढंच म्हणाली होती. फलटणपासून लांब, असं त्याला वाटलं होतं.

आई सांगू लागली. धडा समजावून सांगावा तसं, क्रमाने, थांबून थांबून. तिची नेमणूक माणच्या शाळेत झाली तेव्हा लग्न नवं होतं. वडील फलटणला बँकेत, ती इथे एकटी. ओढ्याकाठी कुशाबा म्हणून एका शेतकऱ्याचं घर होतं, त्यांनी एक खोली दिली. त्यांची बायको जया, आईपेक्षा लहान, नाकीडोळी नीटस, तोंडाने फटकळ. जयाचं पहिलं मूल जगलं नव्हतं. दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव भिकू ठेवलं. "मागून घेतलेला, म्हणून तसं नाव ठेवतात. म्हणजे नजर लागत नाही, टिकतो." आईने एक चिमटा डब्यात टाकला. "तो तापाने गेला. बसता यायला लागलं होतं त्याला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू झालास." मग आईची रजा संपली. शाळा सोडता येत नव्हती, फलटणला आजी आजारी होती. जया म्हणाली, माझ्यापाशी ठेवा. "तिचं दूध अजून आटलं नव्हतं," आई म्हणाली. "तिनं मला विचारलं, पाजू का. मी हो म्हणाले. माझं पुरत नव्हतं तुला." हे सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, चिमट्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "मधल्या सुट्टीत मी पळत यायचे. तू तिच्या कडेवर असायचास. मी हात पुढे केले की तिच्या पदरात तोंड लपवायचास. पुढे बोलायला लागलास. तिला आय म्हणायचास. आणि मला बाई." तो हसला, कारण ते गमतीचं होतं. आई हसली नाही. "शाळेतली मुलं म्हणायची ना, ते ऐकून. बाई आल्या, बाई गेल्या. रात्रंदिवस मी तुझी बाई होते."

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टुंटुं वाजत होतं. आत स्वरदा अपूर्वाशी काहीतरी बडबडत होती. तो ऐकत होता आणि त्याला वाटत होतं की ही गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे, चांगली आहे, पुढे काय झालं ते ऐकावं. "मग?" "मग मी बदली मागितली. मिळाली. तिला सांगितलं नाही. ती पौडच्या बाजाराला गेली होती त्या दिवशी तुला घेऊन गाडीत बसले." "न सांगता?" "हो." आई कपड्यांच्या घड्या घालू लागली. "तू आय आय करत होतास. लोक बघत होते. एक बाई मला म्हणाली, पोर कुणाचं आहे हो? मला म्हणाली. मला." पुढे काही महिने तो झोपायचाच नाही, ती म्हणाली. झोप आली की रडायचा. "ते गाणं मला पाठ होतं. भिंतीपलीकडून रोज ऐकायचे मी. म्हटलं असतं तर तू झोपला असतास. पण मला ते म्हणायचं नव्हतं. आणि दुसरं मला येत नव्हतं." आणि मग? मग एक दिवस तो रडायचा थांबला. "एकदम. फार शहाणा झालास. पडलास तरी रडायचा नाहीस. लोक म्हणायचे, बाई, किती गुणी मुलगा आहे तुमचा." तिने कपड्यांची घडी उचलली आणि आत जाता जाता म्हणाली, "मला तिकडे ने एकदा. तू तिकडून जातोसच."

त्याला जायचं नव्हतं. जायचं नव्हतं असंही नाही; गेलं काय, न गेलं काय, असं होतं. त्या आठवड्यात तो ऑफिसला जाताना माणच्या चौकात थांबला की बाजूची माणसं बघायचा. भाजीवाली, मोबाइलच्या दुकानासमोर बसलेले म्हातारे, स्कूटरवर मागे बसलेली एखादी नऊवारीतली बाई. आपण या लोकांच्या एका घरात रांगलो, चालायला लागलो. एका बाईच्या अंगाचं दूध प्यायलो. तो स्वतःच्या आत चाचपून पाहायचा, रात्री वीज गेल्यावर भिंतीवर हात फिरवावा तसा. भिंत लागायची फक्त. त्याला एक चुलीच्या धुराचा वास आठवला, पण तो कुणाच्याही बालपणातला असू शकला असता. एक ओली, खरबरीत लुगड्याची कड आठवली, आणि ती आठवली की आपण तयार केली याची त्याला खात्री नव्हती. पण गाणं होतं. ते तयार केलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते त्याच्यात होतं आणि त्याला विचारल्याशिवाय बाहेर आलं होतं. याची त्याला किंचित भीती वाटली. किंवा भीती वाटायला हवी हे कळलं.

शनिवारी अपूर्वाला ऑफिसचं काम होतं. त्याने आईला आणि स्वरदाला गाडीत घेतलं. आई नवी साडी नेसली होती, सुताची, इस्त्रीची, शाळेच्या तपासणीला नेसायची तशी. चांद्याच्या पुढे ती म्हणाली, "इथून पुढे नुसती भाताची खाचरं होती. शाळेतून ओढा दिसायचा." आता ओढा सापडेना. जिथे तो असावा असं आईला वाटत होतं तिथे जाड सिमेंटचे पाइप घालून वरून रस्ता केला होता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती, एकीला प्लॅस्टर नाही, दुसरीला जांभळा रंग, प्रत्येकीवर 'रूम भाड्याने मिळेल' आणि मोबाइल नंबर. त्याने एका किराणा दुकानापाशी गाडी थांबवली. आईने काच खाली केली. "कुशाबांचं घर कुठे हो?" दुकानदार तरुण होता. "कुशाबा? ते जाऊन लई वर्सं झाली. घर ते काय, टाकीच्या मागं. रूमवाल्या जयाकाकूंची बिल्डिंग."

ती पायरीवर बसून पावटा सोलत होती. पांढरे झालेले केस घट्ट बांधलेले, अंगाने वाळकी, पायात पोरांच्या असतात तसल्या निळ्या सपाता. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडून विचारत होती, आंटी, पानी कब आएगा, आणि ही खालूनच सांगत होती, "मोटर लगाया है, रुको जरा, अभी येंगा." गाडीतून उतरलेल्या लोकांकडे तिने एकदा पाहिलं. "रूम न्हाई शिल्लक. वरली एक हाय, पन ती फॅमिलीला न्हाई देत, संडास बाहीर हाय तिचा." आई फाटकाशी उभी राहिली. ती पुढे जाईना. ऋषिकेशच्या कडेवर स्वरदा होती आणि तो मागे उभा होता. त्याला आईची पाठ दिसत होती, इस्त्रीची साडी, आणि मानेवरचे बारीक केस हलत होते. "जया," आई म्हणाली. "मी नलिनी. शाळेतली बाई."

जयाचे हात थांबले. मग तिने हातातली शेंग पुरी केली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला टाकलं. "बाई व्हय," ती म्हणाली. "वळखलं न्हाई. जाड झालाव." मग तिने ऋषिकेशकडे पाहिलं. त्याने मनाची तयारी केली होती. आता काहीतरी होईल, ती रडेल, जवळ घेईल, आणि आपल्याला तो चेहरा करावा लागेल. पण ती नुसती बघत राहिली. एखादी जुनी वस्तू दुसऱ्याच्या घरी दिसावी, आणि ती आपलीच का तसलीच दुसरी हे कळू नये, तशी. "ह्यो त्यो?" तिने आईला विचारलं. "हो." "लई उंच झाला." आणि मग, "बसा की. उन्हात काय हुबं ऱ्हायलाय."

ते आत बसले. फरशीची खोली, टीव्ही, दिवाण, भिंतीवर कुशाबांचा हार घातलेला फोटो. सून आली, तिचं नाव रेश्मा. तिने पाणी आणलं, चहा ठेवला. जया जमिनीवर बसली, दिवाणावर बसा म्हटलं तरी बसली नाही. बोलणं बराच वेळ जमिनीचं झालं. कुठली कंपनीत गेली, कुठली रस्त्यात गेली, उरली तिच्यावर ही बिल्डिंग. मुलगा रोहित पाण्याचा टँकर चालवतो. "तुमी गेल्यावर दोन वर्सांनी झाला," ती आईला म्हणाली. "त्याचं नाव बामनाकडनं काढून आनलं. म्हनलं, मागून घ्याचं न्हाई आता काय." चहा आला. आईने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ऋषिकेशला वाटलं, आता उठावं, झालं. मग आई म्हणाली, "जया, मी तुला न सांगता त्याला घेऊन गेले."

स्वयंपाकघराच्या दारातून सून आत निघून गेली. जया बशीतला चहा फुंकत होती. तिने एक घोट घेतला. "बाजारातनं त्याला टोपडं आनलं हुतं," ती म्हणाली. "मालक म्हनले, बाई गेल्या. म्या म्हनलं, पोरगं कुटं हाय? दोन दिस यष्टीच्या फाट्यावर जाऊन बसले. येतील म्हनलं माघारी, त्याचं पांघरून ऱ्हायलं हुतं." आई म्हणाली, "सांगायला हवं होतं मी. मला माहितीये." जयाने बशी खाली ठेवली. "न्हाई," ती म्हणाली. "बरं केलंत. सांगितलं असतं तर दिलं नसतं म्या."

ती रागाने बोलली नव्हती. पाणी कधी येतं, रूम कितीला जाते, तशाच आवाजात बोलली होती. आईने मान खाली घातली. इतक्या वर्षांत ऋषिकेशने आईला कुणासमोर मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. हे दोघींचं आहे, असं त्याला वाटलं. त्या दोघींच्या मध्ये एक मूल आहे आणि ते मी नाही; ते केव्हाच कुठेतरी राहिलं, गाडीत, फाट्यावर, मधल्या कुठल्यातरी दिवशी रडणं थांबलं तेव्हा. मी त्याच्या नंतरचा आहे. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "ते गाणं मी हिला म्हणतो." "कंचं?" त्याने सांगितलं. म्हणून नाही दाखवलं, नुसते शब्द सांगितले, आणि शब्द असे सुटे बोलल्यावर फार उघडे वाटले. "हां, ते व्हय," जया म्हणाली. "ते माज्या आयचं. समद्या पोरांना म्हनती मी. रोहितला म्हनलं, ह्या वरच्या भाडेकरनींची पोरं मी निजवती, त्यांना बी म्हनती. बिहारची हायेत, मद्राशी हायेत, कळतं कुटं त्यांना. झोपत्यात." "भिकू म्हणूनच?" त्याने विचारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच नीट, कपाळापासून खाली, हातांपर्यंत. "न्हाई," ती म्हणाली. "ज्येचं त्येचं नाव घालायचं असतंय त्यात. भिकू फक्त तुलाच म्हनत हुते."

आईने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. ऋषिकेशने हे ऐकलं, ते त्याला समजलं, आणि समजलेलं तसंच समोर पडून राहिलं, कुणी उचलून घ्यायची वाट पाहत. आपण रोज दुपारी सूसच्या सातव्या मजल्यावर एका मेलेल्या मुलाला झोपवत होतो, आणि त्याच्या जागी आधी आपण झोपलो होतो. त्याने स्वरदाकडे पाहिलं. ती त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घ्यायचा प्रयत्न करत होती.

"आन हिकडं," जया म्हणाली आणि हात पुढे केले. त्याने मुलगी दिली. सहज दिली, तो कुणालाही देत असे, लिफ्टमधल्या बायकांना, सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा. जयाने तिला मांडीवर आडवं घेतलं आणि एक गुडघा हलवायला लागली, सवयीने, बोलता बोलता. नाव विचारलं. आईने सांगितलं. "सोरदा," जया म्हणाली. "बरं हाय." स्वरदा रडली नाही. ती अनोळखी माणसांकडे रडायची, पण इथे रडली नाही. तिने जयाच्या पदराची कड मुठीत धरली आणि वर बघत राहिली. गुडघा हलत होता. जया तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणू लागली, शब्द कळत नव्हते, फक्त ते दोन सूर, जाणारा आणि येणारा. स्वरदाचे डोळे जड झाले. तिची मूठ पदरावर घट्ट होती. खोलीत ऊन आलं होतं, ते तिच्या पायांवर पडलं होतं, आणि तिचे पाय, नेहमी उडणारे, स्वस्थ होते. "गुनी हाय," जया म्हणाली. मान वर न करता ती म्हणाली, "दोन दिस ठिवून जावा हिला हितं. तुमी दोगं कामाला जाताव. निजवीन मी."

ती थट्टा होती का, हे त्याला पुढेही कधी ठरवता आलं नाही. त्या वेळी तर त्याने विचारही केला नाही. तो उठला होता. आपण कधी उठलो ते त्याला कळलं नाही. तो त्या दोघींच्या मध्ये वाकला होता आणि त्याचे हात मुलीच्या पाठीखाली गेले होते, आणि तिची मूठ पदरातून सुटत नव्हती म्हणून त्याने ती सोडवली, एकेक बोट, घाईने, जरा जास्तच जोरात. स्वरदा किंचाळली. त्याच्या छातीत काहीतरी इतक्या जोराने आपटत होतं की त्याला वाटलं ते बाहेर ऐकू जात असेल. त्याला भयंकर लाज वाटत होती, त्या बाईची, सोडवलेल्या त्या इवल्या बोटांची, स्वतःची, आणि तरी त्याने मुलगी छातीशी घट्ट धरली होती आणि दोन पावलं मागे सरला होता, दाराकडे. "ऋषी, अरे," आई म्हणाली. सून दारातून डोकावली.

जया मांडी घालून तशीच बसली होती, हात अजून आडवे, मधली जागा रिकामी. मग तिने ते हात खाली घेतले आणि पदर सारखा केला. चेहरा वळवला नाही. "घे, बाबा, घे," ती म्हणाली. "तुजीच हाय ती."

स्वरदा लाल होऊन रडत होती, श्वास कोंडून, त्याच्या मानेत नखं रुतवून. त्याला गाणं म्हणता येईना. तो नुसता तिला धरून उभा होता आणि डुलत होता. आई उठून जवळ आली. "आण माझ्याकडे, तू घाबरवलंस तिला," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने दिली नाही.